चाळिशीतल्या तारा

चाळिशी आली की लोकांना चष्मा लागतो. मला तारा लागल्या. दातांना.

हौस म्हणून नव्हे. हे मी भेटेल त्याला सांगतो आणि कुणाचाही विश्वास बसत नाही. तोंड मिटलं की माझे खालचे दात वरच्या टाळूला टोचायचे आणि झिजायचे. डॉक्टर याला डीप बाईट म्हणतात. मेहुणे म्हणाले, "आता या वयात कुणाला दाखवायचंय?" टाळूला, दुसऱ्या कुणाला!

हिरड्या आणि हाड धड असेल तर दात साठीतही हलतात. तारेचा दाब पडतो त्या बाजूचं हाड विरतं, मागच्या बाजूला नवं भरतं आणि दात महिन्याला साधारण १ मिलिमीटर सरकतो. लवकर उरकावं म्हणून जोर वाढवायची सोय नाही, दातांची मुळंच झिजायची. एकूण दीड-दोन वर्षं.

पहिल्या दिवशी रिसेप्शनवरच्या बाईंनी माझ्या मागे डोकावून विचारलं, "पेशंट कुठंय?" बाकावर सगळी शाळकरी मंडळी. शेजारची आठवीतली मुलगी या खात्यातली माझी सीनिअर निघाली. "काका, तार टोचते तिथं लावायला मेण मागून घ्या. आणि लावायच्या आधी ब्रॅकेट, म्हणजे दातावर चिकटवलेलं ते तार धरणारं बटण, कोरडं करा, नाहीतर मेण जेवणाबरोबर पोटात जातं."

तिच्या ७ वर्षांच्या भावाला नुसतं दाखवायला आणलं होतं. या सुमारास कायमचे दात यायला लागतात, म्हणून एकदा तपासून घ्यायचं. बहुतेकांना 'वाट बघा' एवढंच सांगतात. पण खालचे दात वरच्यांच्या पुढे येत असतील, चावताना जबडा एका बाजूला सरकत असेल किंवा अंगठा चोखणं काही केल्या सुटत नसेल, तर वाट बघू नये. वाढत्या वयात जबड्याला वळण लावता येतं. पक्क्या हाडात जबड्यांतला तोच फरक मोठा असला तर शस्त्रक्रियेवर जातं. या पठ्ठ्याला वाट बघायला सांगितलं. त्याला तारांवरची निळी रबरं हवी होती. तो भोकाड पसरून रडला. मला तारा मिळाल्या आणि रडायची सोय नव्हती.

तार आवळली की पुढचे दोन-तीन दिवस पिकलेलं केळंसुद्धा चावताना डोळ्यांत पाणी येतं. एकदा मीटिंगमध्ये सगळे माझ्या तोंडाकडे एकटक बघत होते. मुद्दे पटताहेत असं वाटून मी आणखी दहा मिनिटं बोललो. नंतर आरशात पाहिलं, तर पालेभाजीचं अख्खं पान पुढच्या तारेवर वाळत घातलेलं.

मग रिटेनरचा, म्हणजे दातांवर बसवायच्या काढत्या-घालत्या साच्याचा विषय निघाला. तारा काढल्या की दात हळूहळू जुन्या जागी परतायला बघतात, म्हणून तो आधी दिवसरात्र आणि मग रात्री घालायचा. "किती महिने?" मी विचारलं. "महिने?" डॉक्टर म्हणाले आणि मास्कआड बहुधा हसले.

बाहेर ती सीनिअर बसली होती, तारा निघालेली. "काका, जेवताना रिटेनर काढलात की डबीतच ठेवा. मी टिश्यूत गुंडाळला आणि तो कचऱ्यात गेला."

जरा थांबून म्हणाली, "दुसरासुद्धा."