वळिवड्याच्या छावणीबद्दल खुलासा

'हिटलरच्या छळछावण्यांतून सुटलेल्या पाच हजार ज्यूंना कोल्हापूरनं वळिवड्यात आसरा दिला' असा मेसेज सध्या ग्रुपवर फिरतोय. आसरा दिला हे खरं, आणि त्याचा अभिमानही रास्त. बाकी गफलत आहे.

१९४३ ते १९४८ या काळात वळिवड्यात राहिलेले सुमारे ५,००० पोलिश निर्वासित बहुतांशी कॅथलिक होते. त्यांना घरातून उचललं ते हिटलरनं नव्हे, स्टालिनच्या पोलिसांनी. १९४०-४१ मध्ये मालगाड्यांत कोंबून त्यांना सैबेरिया-कझाकस्तानात नेलं. पोलंड आणि सोव्हिएत संघ यांच्यातल्या १९४१ च्या सिकोर्स्की-मायस्की करारानंतर सुटका झाली आणि ते इराणमार्गे इकडं आले. छावणीत बायका-पोरंच जास्त, कारण बरेचसे पुरुष पोलिश सैन्यात गेले होते. (हे मेसेजवाले कधी सांगत नाहीत.)

जेरुसलेमची याद वाशेम ही संस्था १९५३ मध्ये ज्यूंच्या संहाराच्या स्मृतीसाठी स्थापन झाली. वळिवड्याची गोष्ट तिथली नव्हे. सैबेरियातल्या हद्दपारीचं संग्रहालय पोलंडमध्ये, ब्यावीस्तोकला आहे. ते २०२१ मध्ये उघडलं. आपल्या कोल्हापूरच्या महावीर उद्यानातलं स्मारकही याच पोलिश निर्वासितांचं.

मेसेज पुढं ढकलायचाच असेल, तर आधी 'हिटलर' आणि 'ज्यू' हे दोन शब्द तेवढे बदला.