मागच्या दाराने या, चहा तयार आहे

तुमची एक संघटना आहे. म्हणजे अठरा मुलगे, सात मोटारसायकली, एक व्हॉट्सॲप ग्रुप आणि बंद पडलेल्या चिरेखाणीजवळ भाड्याने घेतलेली एक खोली. वर्तमानपत्रवाले तुम्हाला ‘अतिरेकी विचारांचा गट’ म्हणतात, शेजारीण ‘कामधंदा नसलेले’ म्हणते आणि तुम्हाला दुसरे जास्त लागते. मंत्र्याने आपल्याला नावाने हाक मारावी, एवढीच तुमची साधी इच्छा आहे. ती पुरी कशी करायची हे सांगायला माझ्याइतका लायक माणूस गोव्याच्या फोंडा महालात सापडायचा नाही. एकवीस वर्षे मी आमच्या पात्रांवांची, म्हणजे आमच्या धनी-नेत्यांची, मतदारयादी सांभाळतो आहे. या काळात पात्रांवांनी तीन पक्ष बदलले. यादी तीच राहिली.

आधी एक करा, स्वतःला कमी लेखणे सोडा. उत्तर प्रदेशात अठरा मुलगे म्हणजे एका टेम्पोतले प्रवासी. गोव्यात तेवढ्यात पक्षाचे धोरण हलते. ४० मतदारसंघ, २०२२ च्या निवडणुकीत साडेअकरा लाखांच्या आसपास मतदार, म्हणजे एका आमदाराच्या वाट्याला सरासरी २९ हजार. त्यातले पाचवा हिस्सा घरीच बसतात, उरलेल्यांत वाटेकरी सहा-सात. २०२२ मध्ये फोंड्याचा निकाल ७७ मतांनी लागला, सांत आंद्रेचा ७६ मतांनी. साखळीत खुद्द मुख्यमंत्री ६६६ मतांनी तरले. अहो, गोवा गोवाच राहणार की महाराष्ट्रात जाणार, हे १९६७ च्या जनमत कौलात ३४,०२१ मतांच्या फरकाने ठरले. तेवढे लोक एखाद्या सनबर्न संगीत महोत्सवाला यायचे.

तर ७७ मते म्हणजे किती? आमच्या वाड्यावरच्या दोन मोठ्या घरांची चवथीची पंगत. तुमचे अठरा मुलगे, प्रत्येकाच्या घरची चार मते धरली तर अठरा चोक बहात्तर. वर खोलीचा मालक, त्याची बायको आणि तीन मुलगे. झाली सत्त्याहत्तर. पात्रांवांच्या हिशेबात याला विचारसरणी म्हणत नाहीत, ‘पॉकेट’ म्हणतात. तुमच्या पत्रकात काय लिहिलेय ते त्यांनी वाचलेले नाही. मी वाचले. दुसऱ्या परिच्छेदात ज्यांना गावातून हाकलायचे म्हटले आहे, त्यांची यादीत ४१२ मते आहेत, हे पात्रांवांच्या कानावर घातले. ते म्हणाले, ‘ती चारशे तशीही आपली नव्हेत, मास्तर.’ विषय संपला, चहा आला.

आता चूक कोणती करू नये ते सांगतो. पुढच्या दाराने जाऊ नका.

२०१४ चा मार्च आठवा. कर्नाटकातल्या श्रीराम सेना या कडव्या हिंदुत्ववादी संघटनेचे प्रमोद मुतालिक हुबळीत भाजपमध्ये गेले. हार, शाल, फोटो, सगळे यथासांग. त्याच दिवशी काही तासांत तो प्रवेश रद्द झाला. हाराची फुले कोमेजायलाही वेळ मिळाला नसेल. पुढे ऑगस्टमध्ये पर्रीकर सरकारने त्यांना गोव्यात पाय ठेवायला बंदी घातली. कुणी म्हणेल, व्यवस्था जागी होती. होतीच. पण मला त्यातला मधला भाग आवडतो. बंदी यायच्या आधीच, त्याच सरकारातल्या एका मंत्र्याने किनाऱ्यावरच्या बिकिनीवर आणि पबमधल्या तोकड्या कपड्यांवर आक्षेप घेऊन झाला होता. माणसाला पत्रादेवीच्या सीमेवरच्या नाक्यावर अडवता येते. वाक्याला कुठे अडवणार? त्याच्याकडे बॅगही नसते. तेव्हा आधी वाक्य पाठवा, आपण सावकाश जा.

दुसरी चूक, वेगळे दुकान थाटणे. प्राथमिक शिक्षणाच्या माध्यमावरून संघाचे गोव्यातले प्रमुख सुभाष वेलिंगकर संघाच्या नेतृत्वाशी आणि भाजपशी भांडले, २०१६ मध्ये गोवा सुरक्षा मंच हा पक्ष उभा राहिला. त्या वादात कोण बरोबर होते हा आमच्या घरातही न सुटलेला प्रश्न आहे, आणि त्या मंडळींना मी तुमच्या रांगेत बसवत नाही, गैरसमज नको. धडा फक्त दुकानाचा. संघाचे इतके जुने कार्यकर्ते, गावोगाव ओळखी, एवढे सगळे असून २०१७ मध्ये एकही जागा आली नाही. तुमच्याकडे तर सात मोटारसायकली आहेत, त्यातल्या दोन हप्त्यांवर. पक्ष काढायचा नसतो. जो आहे त्यात ओल शिरते तसे शिरायचे असते. जून संपेपर्यंत भिंत कोरडी दिसते.

मग मागचे दार कुठे असते? तर नरकासुराकडे.

दिवाळीच्या आदल्या रात्री वाड्यावाड्यावर नरकासुर लागतात आणि प्रत्येक नरकासुरामागे कुणीतरी पात्रांव असतो. बांबू, गवत, रंगीत कागद, साऊंड सिस्टीम, सगळ्याला पैसे लागतात. तुम्ही संघटना म्हणून गेलात तर पात्रांवांचा पीए तुम्हाला बल्कावाच्या, म्हणजे घरापुढच्या ओट्याच्या, पायरीवर ताटकळत ठेवील. ‘बाल मंडळ’ म्हणून गेलात तर आत नेऊन लिंबूसोडा देईल. पहिल्या वर्षी नरकासुराचे तोंड नेहमीसारखे करा, थर्माकोलचे सुळे, लाल बल्बचे डोळे. दुसऱ्या वर्षी ते कुणासारखे तरी दिसू द्या. कुणासारखे, ते मी बोलत नाही, तुम्हीही बोलू नका. लोक आपोआप ओळखतात, हसतात, मोबाइल काढतात. पोलिसाने विचारलेच तर राक्षस आहे, राक्षस राक्षसासारखाच दिसणार.

मग फलक. हा माझा खास विषय, कारण छपाईचे बिल माझ्या हातून जाते. पहिल्या वर्षी फलकावर पात्रांवांचा फोटो जेवणाच्या ताटाएवढा, आणि तुमच्या अध्यक्षाचा तळाला, पासपोर्टच्या मापाचा. दुसऱ्या वर्षी दोघे सारखे, दोघेही हात जोडलेले. तिसऱ्या वर्षी तुमचा अध्यक्ष मधोमध, गॉगल लावून, आणि पात्रांव उजव्या कोपऱ्यात ‘सौजन्य’ या शब्दाशेजारी. मी फूटपट्टी लावून पाहिले, साडेचार इंच. बिल मात्र तिन्ही वर्षी पात्रांवांच्याच नावाने निघाले. हे मी त्यांना दाखवले तेव्हा ते म्हणाले, ‘पोरे आहेत, रक्त गरम आहे. आपण सांभाळून घेऊ.’ हे वाक्य कानावर पडले की समजा, दार उघडले. मुख्य प्रवाहातल्या प्रत्येक नेत्याला वाटते की आपण वाघ पाळला आहे आणि खाटकाचा हिशेब आपल्या हातात आहे.

चौथ्या वर्षी पंचायत. इथे गोव्याच्या कायद्याने तुमच्यावर उपकारच केले आहेत. पंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. वॉर्ड काही शे मतांचा. तुमच्यातला त्यातल्या त्यात गोड बोलणारा मुलगा उभा करा, ज्याने कुणाच्या तरी आजीला बांबोळीच्या इस्पितळात नेलेले आहे. पत्रकात गटार, दिवाबत्ती, मैदान, एवढेच. निकाल लागला की दुसऱ्या दिवशी पक्षांचे पुढारी ‘आमचे इतके पंच आले’ म्हणून मोजायला बसतात. सगळेच पक्ष बसतात, त्यामुळे बेरीज एकूण पंचांपेक्षा जास्त भरते. त्या मोजणीत तुमचा मुलगा आपसूक पक्षाचा होतो. प्रवेश नाही, हार नाही, पत्रकार परिषद नाही, त्यामुळे रद्द करायलाही काही नाही. हुबळीच्या दिवशी हे कुणाला सुचले नाही.

आणि नेता उद्या दुसरीकडे गेला तर आपले काय, ही भीती मनातून काढा. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदारांनी भाजपची वाट धरली. सप्टेंबर २०२२ मध्ये ११ पैकी ८ जणांनी. मधल्या काळात उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मीसमोर, बांबोळीच्या क्रुसासमोर आणि बेतीच्या दर्ग्यात पक्ष न सोडण्याची शपथ घालून झाली होती. तिन्ही ठिकाणी. घर बदलताना माणूस सोफा घेऊन जातो. तुम्ही सोफा व्हा.

विरोधी पक्षाचेही मनावर घेऊ नका. तो तुम्हाला विरोध करणार नाही, तुमची सौम्य आवृत्ती काढील. तुम्ही ‘हाकला’ म्हणाल, तो ‘पडताळणी करा’ म्हणेल. लोक अस्सल माल सोडून नक्कल कशाला घेतील, हे त्याला निकालाच्या दिवशी कळते, दर पाच वर्षांनी.

खाते मागायची वेळ आली तर काय मागावे? मी निवृत्तीपर्यंत शाळेत इतिहास शिकवला, म्हणून एक दाखला देतो. जर्मनीत थुरिंगिया नावाचे एक छोटे राज्य आहे. १९२९ च्या डिसेंबरात तिथल्या विधानसभेत नाझींना ५३ पैकी ६ जागा मिळाल्या. सहा! पण बहुमताचा मेळ बसेना, म्हणून प्रतिष्ठित पक्षांनी त्यांना सोबत घेतले आणि जानेवारी १९३० मध्ये विल्हेल्म फ्रिक हा त्यांचा माणूस मंत्री झाला. त्याने बांधकाम मागितले नाही, अबकारीही मागितली नाही. गृह आणि शिक्षण मागितले. पोलीस आणि पोरे. प्रतिष्ठितांना वाटले, सहाजण आहेत, करून करून काय करतील. त्याने शाळांत द्वेषाच्या प्रार्थना लावल्या, येना विद्यापीठात वंशशास्त्राचा प्राध्यापक बसवला. तीन वर्षांनी बर्लिनच्या मंत्रिमंडळात हिटलरसकट नाझी तिघेच होते, तेव्हाही हाच हिशेब मांडला गेला. त्या तिघांतला एक पुन्हा फ्रिक, आणि खाते पुन्हा गृह. आमच्याकडे अजून सगळे नगरनियोजनासाठी भांडतात, कारण जमिनीत पैसा आहे. तुम्ही शांतपणे शिक्षण मागा. कुणी हरकत घेणार नाही, त्यात कमिशन नाही.

राहता राहिला शत्रू. शत्रूशिवाय संघटना म्हणजे मिठाशिवाय हुमण. पण शत्रू लांबचा निवडा, जवळचा फार अडचणीचा पडतो. तुमच्या अध्यक्षाचेच घ्या. ‘भायल्यांनी’, म्हणजे बाहेरून आलेल्यांनी, ‘धंदे बळकावले’ असे भाषण त्याने रात्री साडेदहाला संपवले आणि पावणेअकराला तिंट्यावर गाड्याजवळ रोस ऑम्लेट खात उभा. गाडेवाल्याने विचारले, ‘पाव किती?’ पाव आणतो आमचा पोदेर, म्हणजे पाववाला. त्याच्या बापाने हुबळीकडून येऊन इथली भट्टी भाड्याने घेतली, आमच्या जुन्या पोदेराची मुले इंग्लंडला गेल्यावर. सकाळी सहाला सायकलचा भोंगा वाजवत तो येतो, माझ्या बायकोला कुठला पाव करपलेला आवडतो ते त्याला ठाऊक आहे. अध्यक्षाने चार पाव घेतले. भाषण आणि पाव यांत विरोध आहे असे त्याला वाटले नाही, पोदेरालाही त्या रात्री वाटले नसावे. हाच तो काळ. तुमच्या प्रगतीच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा. सगळ्यांना वाटत असते की हे नुसते बोलणे आहे.

गेल्या महिन्यात तुमचा अध्यक्ष पात्रांवांकडे आला. पूर्वी तो बल्कावाच्या पायरीवर बसायचा, मग सोप्यावर बसू लागला. या खेपेस सरळ आत गेला आणि माझ्या खुर्चीवर बसला. मी उभा राहिलो, उभे राहायला मला काही वाटत नाही, गुडघे दुखतात तेवढेच. पात्रांव फोनवर होते. अध्यक्ष म्हणाला, ‘मास्तर, तुमची ती यादी दी मरे. झेरॉक्स मारून हाडून दितां.’

आयोगाची यादी कुणालाही मिळते, ती त्याला नको होती. त्याला माझी हवी होती. एकवीस वर्षांच्या पेन्सिलीच्या खुणा असलेली. प्रत्येक घरापुढे मी बारीक अक्षर लिहितो. ‘आ’ म्हणजे आमचे, ‘त’ म्हणजे त्यांचे, ‘कु’ म्हणजे कुंपणावरचे, ‘भा’ म्हणजे भायले. घर भाड्याचे की मालकीचे, पुरुष घरी कधी असतो, रात्री कोण एकटे असते, कोणत्या पायवाटेने गेले की कुत्रा भुंकत नाही, सगळे आहे. मते मागायला जाताना लागते म्हणून लिहिले होते. पोदेराच्या नावापुढे ‘भा’ आहे आणि पुढे कंसात ‘पहाटे ३ पासून भट्टीवर, घरी बायको व मुली’.

मी पात्रांवांकडे पाहिले. त्यांनी फोनवर हात ठेवला आणि मान हलवली, दे म्हणून.

तर शेवटची सूचना, अगदी व्यवहाराची. झेरॉक्स दोन्ही बाजूंनी काढा, कागद वाचतो. आणि दुकानदाराला सांगून छपाई जरा गडद ठेवायला लावा, पेन्सिल फिकी उमटते. मी काल पाहिले, पहिल्या प्रतीत ‘भा’ नीट दिसत नव्हते, म्हणून अध्यक्ष ती परत घेऊन आला होता. मी चष्मा लावला आणि पेनने गिरवून दिले.