सहा वर्षांची पदवी

कट्ट्यावरचा कालचा वाद एका मित्राच्या धाकट्या भावावरून सुरू झाला. भावाचे अभियांत्रिकीचे दुसरे वर्ष संपत आले आहे, दोन विषय राहिले आहेत आणि आता त्याला हे सारे सोडून इतिहास शिकायचा आहे. घरच्यांनी निर्णय थोरल्यावर सोपवला आणि थोरल्याने तो आमच्यापुढे मांडला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले, कारण मी स्वतः पदवीपर्यंत सहा वर्षांनी पोहोचलो: दोन वर्षे अभियांत्रिकी, एक वर्ष नोकरी आणि मग पुन्हा पहिल्या वर्षापासून तीन वर्षे भाषाशास्त्र.

थोरला म्हणाला, "अर्धी वाट चालून झाली आहे. आधी पदवी हातात घे आणि मग हवे ते कर, असे मी त्याला सांगणार आहे."

आमच्यातला बँकेत कर्जाची प्रकरणे तपासणारा मित्र तिथेच त्याला थांबवून म्हणाला, "अरे, गेलेली दोन वर्षे दोन्ही वाटांना सारखीच गेली आहेत, ती हिशेबात धरायचीच नसतात. तुलना कर ती इथल्या पुढच्या दोन वर्षांची आणि तिथल्या तीन वर्षांची." त्याने एका जादा वर्षाचा खर्च धरला, उशिरा सुरू होणारी कमाई धरली आणि राहिलेले विषय सुटतीलच असे नाही, हेही धरले. मला हा हिशेब पटला, कारण दुसऱ्या वर्षानंतरचे सहा महिने मी केवळ "एवढे केले ते फुकट कसे घालवू" या एका विचारात काढले होते.

मग मी नेहमीची उदाहरणे दिली. चार्ल्स डार्विन 1825 मध्ये एडिंबरोला वैद्यकशास्त्र शिकायला गेला, शस्त्रक्रिया पाहणे सहन न झाल्याने ते सोडून धर्मोपदेशक होण्यासाठी केंब्रिजला गेला आणि 1831 मध्ये पदवी घेऊन त्याच वर्षाअखेरीस 'बीगल' जहाजावर चढला. एडवर्ड विटन यांची 1971 ची पहिली पदवी इतिहासाची. पुढे काही काळ अर्थशास्त्राकडे वळून ते भौतिकशास्त्रात आले आणि 1990 मध्ये त्यांना गणिताचे फील्ड्स पदक मिळाले.

महाविद्यालयात शिकवणारी आमची मैत्रीण याने मुळीच विरघळली नाही. "ही दोघे पुढे मोठी झाली, म्हणून त्यांची वळणे आपल्याला ठाऊक आहेत," ती म्हणाली. "वाटेत थांबलेल्यांची चरित्रे कोणी लिहीत नाही. शिवाय डार्विनचे वडील श्रीमंत डॉक्टर होते आणि विटन यांचे वडील स्वतः भौतिकशास्त्रज्ञ होते. वळण घेण्याची मुभा प्रत्येकाला सारखी नसते." यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते, आणि खरे सांगायचे तर ती उदाहरणे मी पुन्हा कोणाला देणार नाही.

मला खरोखर बोलायचे होते ते निराळ्याच गोष्टीविषयी. उशीर झाल्याचे दुःख मला फार काळ झाले नाही. बरोबरचे पुढे गेले, ते एखादे वर्ष टोचले आणि मग सरले. टोचत राहिले ते हे की नव्या महाविद्यालयात माझी जुनी दोन वर्षे शून्य मोजली गेली. श्रेयांकाची, म्हणजे आपण ज्याला क्रेडिट म्हणतो त्याची, कल्पना नेमकी यासाठीच उपयोगाची आहे. युरोपीय पद्धतीत पूर्ण वर्षाचे 60 श्रेयांक धरतात आणि एका श्रेयांकामागे साधारण 25 ते 30 तासांचा अभ्यास गृहीत असतो. म्हणजे दोन वर्षांत तीन हजारांहून अधिक तास होतात. त्यातली संख्याशास्त्राची आणि प्रोग्रॅमिंगची शिदोरी मी भाषाशास्त्रात रोज वापरली, मजकुरातील शब्दांची वारंवारता मोजताना तर वर्गात इतरांना शिकवलीही, पण कागदावर मी कोरा विद्यार्थी होतो.

"श्रेयांक असले म्हणजे ते आपोआप जुळतात, असे मानू नकोस," मैत्रीण म्हणाली. "आम्ही अभ्यासक्रम शेजारी शेजारी ठेवून पाहतो, आणि ज्याच्यापाशी तो नसतो त्याला काही देता येत नाही." मग तिने अमेरिकेतली मोजणी सांगितली. तिथे चार वर्षांच्या पदवीचा अधिकृत निकाल दीडपट मुदतीत, म्हणजे सहा वर्षांत, किती जण पूर्ण करतात यावरून काढतात. पण संस्था बदलून दुसरीकडे पदवी घेणारा मूळ संस्थेच्या आकड्यात उत्तीर्ण म्हणून धरला जात नाही. एका दारातून आत येऊन त्याच दारातून बाहेर पडणाराच आकड्यात दिसावा, हे मला अन्यायाचे वाटते, आणि मी ते तिथे मोठ्याने बोललो.

थोरल्याने बराच वेळ ऐकून घेतले आणि विचारले, "मग मी त्याला सांगू काय?"

कोणीच "सोड" किंवा "सोडू नकोस" म्हणाले नाही. बँकवाल्याने तीन वर्षांच्या खर्चाचा कागद भावाच्याच हाताने लिहून घ्यायला सांगितले. मैत्रीण म्हणाली की इतिहासाच्या वर्गात महिनाभर बसू देतात का ते विचार, कारण आवडीने वाचणे आणि परीक्षेसाठी दप्तरांत बुडून बसणे यांत फार अंतर आहे. मी एवढेच सांगितले की प्रवेश रद्द करण्याआधी चारही सत्रांच्या गुणपत्रिका आणि प्रत्येक विषयाच्या अभ्यासक्रमाची शिक्का मारलेली प्रत घे आणि किती श्रेयांक धरणार हे नव्या ठिकाणाहून लेखी माग. माझ्यापाशी हे कागद नव्हते. थोरल्याने ते फोनमध्ये टिपून घेतले आणि भावाला कट्ट्यावरच बोलावले.