‘सैन्याला सौरपट्ट्या कशाला?’ या दाव्याला उत्तर

अमेरिकी संरक्षण खातं पर्यावरण आणि ऊर्जा तंत्रज्ञानाच्या प्रात्यक्षिकांवर, म्हणजे नवं तंत्र प्रत्यक्ष जागेवर वापरून तपासण्यावर, जो पैसा घालतं, त्याविरुद्ध एक मजकूर पुन्हा पुन्हा पुढे पाठवला जातो. त्याचे मुद्दे चार. सैन्याचं काम लढणं, पर्यावरण सांभाळणं नव्हे. तंत्र कामाचं असतं तर कंपन्यांनीच स्वखर्चाने सिद्ध केलं असतं. सरकारी प्रयोगांतून अहवालांपलीकडे काही निघत नाही. आणि पुरावा म्हणून नौदलाचं २६ डॉलर गॅलनचं जैवइंधन.

पहिला मुद्दा रणांगणावरच टिकत नाही. अमेरिकी लष्कराच्या पर्यावरण धोरण संस्थेने २००९ मध्ये हिशेब मांडला: २००७ च्या आकड्यांनुसार अफगाणिस्तानात इंधन पोचवणाऱ्या दर २४ ताफ्यांमागे एक माणूस ठार किंवा जखमी होत होता. त्याआधीच, २००६ मध्ये, इराकच्या अन्बार प्रांतातले मरीन सेनानी मेजर जनरल रिचर्ड झिल्मर यांनी इंधनाचे ताफे कमी व्हावेत म्हणून सौर आणि पवन ऊर्जेची यंत्रं तातडीने मागवली होती. ही मागणी कुठल्या पर्यावरणवाद्याची नव्हती. ज्याची माणसं रस्त्यावरच्या सुरुंगांनी मरत होती, त्या अधिकाऱ्याची होती. पुढे २०१० मध्ये मरीन दलाने अशी यंत्रं आधी मायदेशी तपासून घेतली आणि मग अफगाणिस्तानच्या हेलमंद प्रांतातल्या सांगिनला पाठवली. तिथे पायी गस्त घालणाऱ्यांच्या पाठीवरचं बॅटऱ्यांचं ओझं कमी झालं. लढण्याच्या कामात हे बसत नसेल, तर काय बसतं?

दुसरा मुद्दा वरवर पटणारा आहे, म्हणून त्यावर थांबतो. जुन्या तोफगोळा-सराव मैदानांवर न फुटलेला दारूगोळा शोधायचा म्हणजे धातुशोधक फिरवायचा आणि जिथे आवाज येईल तिथे खणायचं. पण जमिनीत गोळ्यांचे तुकडे, तारा, खिळे, नाल असं काय काय असतं. धातुशोधकाला सगळं सारखंच. प्रत्येक खड्डा मात्र जिवंत गोळा असल्यासारखा जपून खणावा लागतो. अमेरिकी संरक्षण खात्याला सल्ला देणाऱ्या संरक्षण विज्ञान मंडळाच्या एका कृतिगटाने २००३ मध्ये अंदाज दिला की सफाईच्या खर्चातला सुमारे ७५ टक्के वाटा निव्वळ भंगार उकरण्यात जातो.

आता सफाईच्या कंत्राटदाराच्या जागी उभे राहून बघा. ‘हा तुकडा भंगार आहे, खणू नका’ असं सांगणारं यंत्र त्याने का वापरावं? जास्त खड्डे म्हणजे त्याचं जास्त काम. आणि एक गोळा चुकून मागे राहिला तर जबाबदारी त्याच्यावर. राज्याच्या नियामकालाही न खणता सोडलेल्या जागेवर सही करायची भीती. म्हणजे तंत्र चांगलं असूनही ते पहिल्यांदा वापरायचा धोका पत्करण्यात कुणाचाच फायदा नाही. ही कोंडी बाजार फोडत नाही.

ती फोडण्यासाठीच १९९० मध्ये सुरू झालेल्या संरक्षण खात्याच्या ‘सर्डप’ या पर्यावरण-संशोधन कार्यक्रमाच्या जोडीला १९९५ मध्ये ‘ईएसटीसीपी’ हा प्रात्यक्षिकांचा कार्यक्रम आला. अलाबामातल्या जुन्या कॅम्प सिबर्टवर २००७ मध्ये ‘गोळा की भंगार’ या वर्गीकरणाची चाचणी झाली. तिथे शोधायचे होते ४.२ इंची उखळी गोळे. विश्लेषकांनी आधी लिहून द्यायचं की कुठला संकेत गोळ्याचा आणि कुठला भंगाराचा. मग सगळं खणून ते पडताळायचं. अशा उघड परीक्षा एकामागून एक जागी घेतल्या गेल्या, नियामकांना त्यांत सहभागी करून घेतलं गेलं. आज हे वर्गीकरण करणाऱ्या संस्थांसाठी संरक्षण खात्याची स्वतंत्र मान्यता-पद्धत आहे. कंपनीच्या माहितीपत्रकाने हे कधीच साधलं नसतं.

‘अहवालांपलीकडे काही निघत नाही’ म्हणणाऱ्यांनी आग विझवणाऱ्या फेसाकडे बघावं. नौदलाच्या प्रयोगशाळेने आणि ‘थ्री-एम’ कंपनीने १९६० च्या दशकात विकसित केलेल्या फेसातली फ्लोरिनयुक्त रसायनं निसर्गात तुटत नाहीत. ७०० हून अधिक लष्करी ठिकाणी ती सांडल्याची खात्री किंवा संशय आहे आणि त्याची झळ आसपासच्या विहिरींना लागली आहे. फ्लोरिनमुक्त फेसाचं संशोधन आणि चाचण्या याच दोन कार्यक्रमांच्या पैशाने झाल्या आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याचं लष्करी मानक जाहीर झालं. जुना फेस पूर्ण हद्दपार करायला अजून वेळ लागतो आहे, हे खरं. पण पर्याय आगीवर तपासून पाहिल्याशिवाय विमानतळावरच्या अग्निशमन जवानाच्या हाती द्यायचा का?

उरलं जैवइंधन. २०१२ मध्ये पॅसिफिकमधल्या सरावासाठी नौदलाने साडेचार लाख गॅलन जैवइंधन सुमारे १.२ कोटी डॉलरना घेतलं. भाव अवाच्या सवा होता, टीका रास्त होती. मात्र तो खर्च नौदलाचा होता, ‘ईएसटीसीपी’चा नव्हे. २०१६ मध्ये नौदलाने घेतलेलं मिश्रण सुमारे दोन डॉलर गॅलनने पडलं. त्यात जैवइंधन जेमतेम १० टक्के होतं आणि थोडा आधार कृषी खात्याच्या पैशाचाही होता. त्यामुळे याला मी मोठं यश म्हणणार नाही. पण एका महागड्या खरेदीवरून सगळीच प्रात्यक्षिकं बंद करा म्हणणं म्हणजे विहिरींच्या पाण्याची आणि जमिनीत दडलेल्या गोळ्यांची तपासणीही थांबवा म्हणणं आहे. त्या मजकुरात या दोन्ही गोष्टींचा उल्लेखसुद्धा नाही.