टॉप मॉडेलच घ्या, बाकी देव पाहून घेईल

बजेट आठ लाखांचं ठरलं असेल, तर शोरूममध्ये शिरताच ते मोठ्याने सांगून टाका. सेल्समनचं काम हलकं होतं. तो लगेच साडेनऊची गाडी दाखवेल आणि वरचे दीड लाख 'महिन्याला फक्त चोवीसशे' करून देईल. तुम्ही गाडीची किंमत विचारूच नका, हप्ता विचारा. सात लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साडेचौदा हजार, सात वर्षांसाठी घेतलं तर सव्वाअकरा हजार. व्याज मात्र पावणेदोन लाखांवरून अडीच लाखांच्या घरात जातं. जाऊ दे की. ते काय शेजाऱ्यांना दिसतंय?

२२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. वाचलेले पैसे खिशात राहू देणं बरं नव्हे, त्यांचं सनरूफ करा. सनरूफच्या चौकटीत पडलेलं पाणी कोपऱ्यांतल्या बारीक नळ्यांतून, दरवाजांच्या खांबांमधून खाली जातं. गाडी गुलमोहराखाली उभी राहिली की त्या नळ्यांच्या तोंडाशी पानांचा चोथा बसतो आणि जुलैत छताच्या कापडावर चहाच्या रंगाचा डाग उतरायला लागतो. पावसाळ्याआधी नळ्या मोकळ्या करून घ्या, असं डिलिव्हरीच्या वेळी सहसा कोणी सांगत नाही. तुम्हीही विचारू नका. एप्रिलच्या उन्हात काच उघडायची नाही, पावसात उघडता येत नाही. उरलेल्या दिवसांत पोरं त्यातून डोकं बाहेर काढून उभी राहतील, त्याला आपण हौस म्हणू.

चाकंही सोळा इंची, चकाकत्या डायमंड कट अलॉयचीच हवीत. बेस मॉडेलची चौदा इंची लोखंडी रिम खड्ड्यात वाकली तर पुष्कळदा ठोकून सरळ करता येते, म्हणजे किती गावंढळ! अलॉयला थेट तडा जाऊ शकतो. टायरची भिंत बुटकी असेल तर ती खड्ड्याच्या काठावर चेपून तिला टेंगूळ येतं, आणि टेंगूळ आलेला टायर दुरुस्त होत नाही, नवाच घ्यावा लागतो. एअरबॅग किती, गाडी घसरताना सावरणारी ईएससी आहे का, भारत एनकॅपच्या धडक-चाचणीत मोठ्यांसाठी किती स्टार आणि मुलांसाठी किती, हे शुभकार्यात विचारायचे प्रश्न नव्हेत.

अ‍ॅव्हरेज मात्र जरूर विचारा. ब्रोशरवरचा आकडा प्रयोगशाळेत गाडी रोलरवर चालवून काढतात. तिथे ना कात्रजचा चढ, ना चांदणी चौक. तोच आकडा धरून महिन्याचा खर्च मांडा, मन शांत राहतं. त्यातून सीएनजीचा मोह झाला तर हिशेब मुळीच करू नका. केलात तर असा निघतो: सीएनजी मॉडेल ९० हजारांनी महाग धरा. पेट्रोल १०४ रुपये आणि गाडी लिटरला १६ किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला साडेसहा रुपये. सीएनजी ८० रुपये आणि किलोला २३, म्हणजे साडेतीन रुपये. फरक तीन रुपयांचा, म्हणजे ९० हजार वसूल व्हायला ३० हजार किलोमीटर. ज्याची गाडी रोज साठ किलोमीटर धावते त्याचे दीड वर्षाच्या आत वसूल. तुमची रविवारी सासुरवाडीला आणि सणाला गावी, महिन्याला ५०० किलोमीटर. पाच वर्षं. तोवर दर तीन वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची तपासणी, आहेच, आणि एकच मोठी टाकी असेल तर डिकीत सामानाऐवजी तीच.

टेस्ट ड्राइव्ह सेल्समन नेईल त्याच रस्त्याने करा. तो सपाट असतो. चार माणसं बसवून, एसी चालू ठेवून फ्लायओव्हरच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये दमसास बघणं म्हणजे अविश्वास दाखवणं. गाडी उभी असताना एसी लावून गिअरच्या दांड्यावर हात ठेवला तर तीन सिलिंडरच्या इंजिनाची थरथर कळते. म्हणून तिथे हात ठेवू नका. ट्रॅफिकमध्ये एएमटी, म्हणजे क्लचशिवायचा आपोआप पडणारा गिअर, बदलताना मान पुढे जाते, त्यालाही 'सवय होते सर' हे उत्तर तयार असतं.

विश्वासार्हतेसाठी एकच कसोटी पुरेशी: मॉडेल आलं त्याच आठवड्यात बुक करा. पहिल्या वर्षातले दोष शोधायला कंपनीला भरवशाचे ग्राहक लागतातच. कंपनी टिकेल का, हा प्रश्न तर हास्यास्पद. जनरल मोटर्सचा कारखाना आपल्या तळेगावातच होता. २०१७ मध्ये त्यांनी देशात विक्री थांबवली. २०२१ मध्ये फोर्डने इथलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं. तेव्हा स्पेअर पार्टच्या काउंटरवर जाऊन हेडलॅम्प, बंपर आणि क्लच सेट केवढ्याला पडतो, किती दिवसांत येतो, हे विचारण्याचा भोचकपणा कशाला?

आता डिलिव्हरी. ती दसऱ्यालाच, आणि तीही मुहूर्ताच्या घाईत. खरं तर गाडी बघायची ती यार्डात, दिवसाउजेडी, बिल आणि पासिंग होण्याआधी. नंबर पडला की ती तुमची, ओरखड्यांसकट. चेसिस नंबरावरून उत्पादनाचा महिना-वर्ष कळतं. टायरवरच्या चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष असतं. ३८२४ म्हणजे २०२४ चा अडतिसावा आठवडा. चार काचांवर एक साल आणि पाचवीवर दुसरं दिसलं, किंवा बंपरची छटा शेजारच्या पत्र्याशी जुळली नाही, तर आधी काहीतरी घडलेलं असू शकतं. पण तुमच्यासमोर हार, पेढे आणि लाल कापड घातलेली गाडी आहे, टायरखाली लिंबू ठेवलंय. लिंबाकडे बघताना टायरचे आकडे कोण वाचतो?

विमा शोरूमचाच घ्या, बाहेरचा कोट मागवून त्यांचं मन मोडू नका. तीन वर्षांचा थर्ड पार्टी कायद्यानेच घ्यावा लागतो. खेळ उरतो तो जादा कव्हरांच्या यादीत. किल्ली हरवल्याचं कव्हर घ्या, इंजिन प्रोटेक्ट टाळा. अंडरपासच्या पाण्यात गाडी बंद पडली की पुन्हा स्टार्टर मारा. सिलिंडरमध्ये पाणी शिरतं, ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या पॉलिसीत हा दावा सहसा नाकारतात. शिवाय झीरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं कव्हर, नसेल तर बंपरसारख्या प्लास्टिकच्या भागांचे निम्मे पैसे तुमचे. 'हँडलिंग चार्जेस' ही ओळ दिसली की मात्र बिनबोभाट भरा, कशाचे ते तिथल्या कुणालाच धड सांगता येणार नाही.

पहिल्या सर्व्हिसा फ्री असतात. फ्री म्हणजे मजुरी. ऑइल, फिल्टर तुमचेच. दहा हजार किलोमीटर झालेल्या गाडीच्या बिलावर इंजिन डीकार्बनायझिंग आणि एसी डिसइन्फेक्शन दिसलं तर मॅन्युअल उघडून त्यात हे कुठे लिहिलंय ते शोधत बसू नका. सही कुठे करायची तेवढं विचारा, आणि जमलं तर फीडबॅकच्या फोनवर दहापैकी दहा द्या. नाहीतर सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरचा इन्सेंटिव्ह कापतात म्हणे.