अकाउंट वाचेल हो, पण त्यावर नाव कुणाचं आहे?

जाहिराती चालवणाऱ्या पोरांमध्ये एक मेसेज फिरतोय, त्याची रीलही निघाली आहे. सांगणं असं: बेटिंग ॲपच्या जाहिरातींइतका पैसा आज कशातच नाही आणि जोखीम एकच, गूगल-मेटावरचं जाहिरातीचं अकाउंट उडण्याची. भाड्याचं अकाउंट घ्या, जाहिरात तपासणाऱ्या प्लॅटफॉर्मला एक पान आणि गिऱ्हाइकाला दुसरं दाखवा, बजेट दमानं चढवा, मग महिन्याला लाखभर कुठे जात नाहीत.

मी बारा वर्षं मंगल कार्यालयं, क्लासेस आणि मिठाईच्या दुकानांच्या जाहिराती चालवून पोट भरतोय. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

“सगळीकडे दिसतं, म्हणजे चालतं.” दिसतं हे खरं. पण माहिती व प्रसारण मंत्रालयाने जून 2022 मध्येच माध्यमांना या जाहिराती टाळायला सांगितलं होतं. मग कंपन्यांनी बातम्यांच्या साइटचा मुखवटा चढवला, तर ऑक्टोबर 2022 मध्ये त्या मुखवट्याबद्दल वेगळी सूचना निघाली. मार्च 2024 मध्ये इन्फ्लुएन्सरांनाही बजावलं गेलं. आणि 22 ऑगस्ट 2025 ला राष्ट्रपतींची सही झाली तो ऑनलाइन गेमिंगचा कायदा तर पैसे लावून खेळायच्या सगळ्याच ऑनलाइन खेळांना बंदी घालतो. कौशल्य की नशीब, हा जुना वाद त्याने निकालातच काढला.

“जुगार दुसरा चालवतो, आपण फक्त मार्केटिंग करतो.” याच कायद्यात जाहिरातीसाठी स्वतंत्र शिक्षा आहे: दोन वर्षांपर्यंत कैद, 50 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सुरेश रैना आणि शिखर धवन यांनीही ॲप चालवलं नव्हतं. वनएक्सबेट या बेटिंग ॲपच्या प्रकरणात ईडीने नोव्हेंबर 2025 मध्ये दोघांच्या मिळून 11.14 कोटींच्या मालमत्तेवर टाच आणली ती प्रचाराच्या करारांवरून. आरोप कोर्टात सिद्ध व्हायचा आहे, पण टाच आलीच ना? त्यांच्यामागे वकिलांची फौज आहे. तुमच्यामागे कोण?

“गोव्यात कॅसिनो कायदेशीर आहे, गोवा टार्गेट करा.” गोव्याच्या 1976 च्या कायद्यात पुढे दुरुस्त्या होऊन जी सूट मिळाली, ती पाण्यावरच्या जहाजांना आणि पंचतारांकित हॉटेलांना. पणजीतल्या माणसाच्या हातातला मोबाइल म्हणजे मांडवीतलं जहाज नव्हे.

“दोन पानांची युक्ती कुणाला कळते?” आज नाही तर पंधरा दिवसांनी कळते. गूगल याला यंत्रणेला चकवणं म्हणतं आणि पूर्वसूचना न देता अकाउंट बंद करतं. मग नवीन काढलंत तर तो दुसरा गुन्हा धरतं. शिवाय जाहिरातदाराची ओळख पटवून घेतात आणि ते नाव जाहिरातीसोबत कुणालाही बघता येतं. तपास करणाऱ्यालाही.

आता भाड्याचं अकाउंट. मेसेजमध्ये याची सगळ्यात जास्त भलामण आहे. ते भाड्याने देणारा कोण असतो, हे मी जवळून पाहिलंय. माझ्याकडे शिकून गेलेल्या एका पोराने आपलं व्हेरिफाय झालेलं अकाउंट आठवड्याला पंधरा हजारांवर दिलं. आधार, पॅन त्याचं. कार्ड आणि जाहिराती समोरच्याच्या. चौथ्या आठवड्यात अकाउंट गेलं. त्याच बिझनेस मॅनेजरमध्ये, म्हणजे अनेक गिऱ्हाइकांची अकाउंटं एकत्र सांभाळायच्या मेटाच्या सोयीत, एका मिठाईवाल्याचं अकाउंट होतं, तेही सोबत बसलं. धनत्रयोदशीला आठ दिवस होते आणि त्या माणसाने काजूकतलीचे बॉक्स छापून घेतले होते.

इथवर मेसेजवाले म्हणतील, तेच तर सांगतोय, अकाउंट सांभाळा. पण खरी भानगड पुढची. भाडं यूएसडीटीमध्ये, म्हणजे डॉलरच्या भावाला बांधलेल्या क्रिप्टोमध्ये यायचं. पोरगा ते ऑनलाइन अनोळखी माणसाला विकायचा, तो खात्यात रुपये टाकायचा. त्यातले काही रुपये तिसऱ्याच कुणाला फसवून काढलेले होते. त्या फसलेल्या माणसाने 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, पैशाचा माग एका खात्यातून दुसऱ्यात करत या पोराच्या खात्यापर्यंत आला आणि बँकेने रक्कम अडकवली. तक्रार परराज्यातली. त्याच खात्यात बहिणीच्या कॉलेजची फी ठेवलेली.

मेसेजमधली एक तक्रार मात्र मला पटते. या जाहिरातींवर प्लॅटफॉर्मही कमावतात आणि कारवाईची कुऱ्हाड आधी लहान माणसावर पडते. बेटिंग ॲपच्या तपासात ईडीने जुलै 2025 मध्ये गूगल आणि मेटालाही बोलावणं धाडलं होतं, म्हणजे ही शंका एकट्या माझी नाही. पण म्हणून पोराचं खातं सुटत नाही.

तो परवा आला होता. “दादा, होल्ड काढायला अर्ज कसा लिहायचा असतो?” बसलो दोघं. तारीख, खाते क्रमांक, रक्कम इथपर्यंत भराभर झालं. मग आलं, पैसे कुणाकडून व कशासाठी मिळाले. त्याने मोबाइलमधलं जुनं चॅट उघडलं. वर एक टोपणनाव होतं आणि खाली, अकाउंट डिलीट केलेलं आहे.