शर्ली टेंपलचं आयुष्य बाराव्या वर्षी संपलं नव्हतं

शर्ली टेंपलवरची ती पोस्ट परत फिरायला लागलीय. कुरळे केस, गालाला खळी, दहाएक वर्षांच्या मुलीचा फोटो आणि खाली मजकूर, की ही एकेकाळची जगातली सगळ्यात लाडकी बालतारका, नुसत्या गोंडस चेहऱ्यावर चालली, आईबापाने पैसे लुटले, बाराव्या वर्षी स्टुडिओने हाकलून दिलं आणि करिअर संपलं, लग्न मोडलं, मग ओळखीपाळखीने कुठेतरी राजदूत म्हणून पाठवलं आणि शेवटी एकटी, विस्मृतीत गेली. खाली मोठ्या अक्षरात, लहानपणची प्रसिद्धी हा शाप असतो. मला ही चार जणांनी पाठवली, पाठवणाऱ्यांना मनापासून हळहळ वाटलीय हे कळतं, म्हणूनच एवढं लिहायला बसले, कारण यातली एक गोष्ट बऱ्यापैकी खरी आहे पण ती धड सांगितलेली नाहीये, बाकीच्या सरळसरळ चुकीच्या आहेत, आणि जे खरोखर वाईट झालं होतं ते तर पोस्टमध्ये कुठेच नाहीये.

नुसत्या चेहऱ्यावर चालली, इथूनच सुरू करते. शर्ली 23 एप्रिल 1928 ला कॅलिफोर्नियात सँटा मोनिकाला जन्मली, वडील बँकेत नोकरीला. तीन वर्षांची असताना डान्स स्कूलमध्ये घातलं, तिथूनच तिला उचललं आणि 1932 पासून छोट्या छोट्या फिल्म्समध्ये काम, दिवसाला 10 डॉलर. फॉक्स स्टुडिओने घेतलं तेव्हा आठवड्याला 150 डॉलर. 1934 मध्ये एकामागून एक पिक्चर चालले, 1935 च्या फेब्रुवारीत ऑस्करवाल्यांनी लहान मुलांसाठी वेगळं छोटं ऑस्कर काढलं आणि पहिलं तिला दिलं. 1935 ते 1938 अशी सलग चार वर्षं ती अमेरिकेत बॉक्स ऑफिसवर पहिल्या नंबरला होती, क्लार्क गेबलसारख्या बड्या नटाच्याही वर. नुसत्या खळीवर चार वर्षं कोणी पहिल्या नंबरला राहत नाही हो.

1935 च्या 'द लिटल कर्नल'मधला जिन्यावरचा नाच मिळाला तर बघा. समोर बिल रॉबिन्सन, पन्नाशी ओलांडलेला, त्या काळातला टॅप डान्सचा उस्ताद माणूस, आणि ही सहा वर्षांची. जिन्यावरच्या अवघड स्टेप्स एवढ्याशा पायांना जमणं कठीण, तर त्याने तिला पायरीच्या उभ्या फळीवर बुटाचं टोक मारायला शिकवलं, म्हणजे आवाज ठेक्यात पडतो. ती एक पायरी चढते, टक, परत टक, आणि एकदाही खाली पायाकडे बघत नाही, त्याच्याकडे बघते. गोरी मुलगी आणि काळा पुरुष हात धरून नाचतायत हे तेव्हाच्या हॉलिवूडमध्ये पहिल्यांदाच दिसत होतं आणि दक्षिणेकडच्या राज्यांत दाखवताना तो भाग कापला जायचा. ती त्याला अंकल बिली म्हणायची. पुढे मोठेपणी मुलाखतींमध्येही त्याच्याबद्दल प्रेमाने बोलायची.

आता पोस्टमध्ये जे नाही ते. त्या सुरुवातीच्या छोट्या फिल्म्स, ज्यात तीन-चार वर्षांच्या पोरांना लंगोट नेसवून मोठ्यांच्या पिक्चरची नक्कल करायला लावायचे, त्या सेटवर एक काळी खोली होती. खोली म्हणजे साऊंडवाल्यांची बंद पेटी. पोरगं हट्टाला पेटलं, काम अडवलं की त्याला आत टाकायचे, आत बर्फाची लादी, म्हणजे एकतर त्या बर्फावर बसा नाहीतर ओल्या गार जमिनीवर उभे राहा. शर्लीने हे स्वतः 1988 च्या आत्मचरित्रात लिहिलंय, ती स्वतःही त्या पेटीत जाऊन आली होती. तिने लिहिलंय की त्यातून ती वेळेची किंमत शिकली, वेळ म्हणजे पैसा, वाया घालवायचा नाही. मी हे वाचून कितीतरी वेळ तशीच बसून होते. चार वर्षांच्या मुलीने हे शिकायचं असतं का? वर फॉक्सने तिचं वय एक वर्ष कमी करून ठेवलं होतं आणि तेही तिला माहीत नव्हतं, बारावा म्हणून वाढदिवस साजरा होत असताना तिला कळलं की आपण तेरा वर्षांच्या आहोत. हळहळायचंच असेल तर इथे हळहळा ना. ही माणसांनी ठरवून केलेली कामं आहेत, आणि त्याला शाप म्हटलं की पेटी बनवणारा सुटतो आणि वयाचा आकडा बदलणाराही सुटतो.

पैशाचा मुद्दा. हा बऱ्यापैकी खरा आहे. बालपणापासून तिने जवळपास 32 लाख डॉलर मिळवले आणि मोठी झाल्यावर बघितलं तर ट्रस्टमध्ये साधारण 44 हजार. वडिलांकडे सगळा कारभार, ते शाळा अर्धवट सोडलेले, पैसे नको तिथे अडकवले, घरखर्च, नोकरचाकर, नातेवाईक सगळे तिच्या कमाईवर, आणि कोर्टाने सांगितलेले पैसेसुद्धा ट्रस्टमध्ये भरले नाहीत. वाईट आहे, अजिबात सारवासारव करत नाही. पण पोस्ट ज्या सुरात सांगते, की क्रूर आईबापाने लुटलं आणि पोरगी रस्त्यावर आली, तसं काही झालं नाही. ती गरीब कधीच झाली नाही आणि तिने वडिलांवर कोर्टात केस केली नाही, उलट आईवडील दोघंही जाईपर्यंत याबद्दल बाहेर बोलली नाही, आणि लिहिलं तेव्हाही वडिलांचं चुकलं हे सांगूनच लिहिलं, राग न धरता. आता हे बरोबर की चूक यावर वाद घालू शकतो, मला स्वतःला वाटतं तिने जास्त समजूतदारपणा दाखवला, पण निर्णय तिचा होता, तिच्या तोंडी आपण वेगळी गोष्ट घालू नये.

आणि यामागे कायदा काय होता ते कोणी सांगतच नाही. शर्लीच्या आधी जॅकी कूगन, 1921 साली चॅप्लिनबरोबर 'द किड'मधला तो पोरगा. त्यानेही लाखो डॉलर कमावले, मोठा झाल्यावर बघतो तर आई आणि सावत्र वडिलांनी उडवलेले. 1938 मध्ये त्याने केस केली तेव्हा अडचण ही, की कॅलिफोर्नियाच्या कायद्याने अल्पवयीन मुलाची कमाई आईवडिलांचीच धरली जायची, त्यामुळे शेवटी त्याच्या हातात फक्त 1 लाख 26 हजार डॉलर आले. त्यावरून बोंबाबोंब झाली आणि 1939 मध्ये कूगन लॉ आला. पण तोही अर्धामुर्धा, कॉन्ट्रॅक्ट कोर्टापुढे गेलं तरच लागू, आणि किती पैसे बाजूला टाकायचे ते जजच्या मर्जीवर. तोपर्यंत शर्लीची सगळ्यात मोठ्या कमाईची वर्षं उलटून गेली होती. हा कायदा नीट व्हायला 2000 साल उजाडावं लागलं, आता तिथे मुलाची कमाई कायद्याने मुलाचीच आणि किमान 15 टक्के बंद खात्यात टाकावेच लागतात. म्हणजे शाप म्हणतात तो एका कायद्याने बराचसा आटोक्यात आणता येत होता, आणायला साठ वर्षं लावली. कूगनसुद्धा संपला नव्हता बरं का, 1964 ला 'द ॲडम्स फॅमिली'मधला टकला अंकल फेस्टर म्हणून टीव्हीवर परत घराघरात पोचला.

बाराव्या वर्षी हाकललं. नाही. 1940 मध्ये 'द ब्लू बर्ड' पडला, पुढचाही फार चालला नाही, मग तिच्या आईवडिलांनीच उरलेलं कॉन्ट्रॅक्ट पैसे भरून सोडवलं आणि तिला मुलींच्या शाळेत घातलं, कारण तोवर तिचं शिक्षण स्टुडिओतच चालायचं आणि वर्गात बसणं म्हणजे काय हे तिला माहीतच नव्हतं. आणि करिअर तिथे संपलंही नाही, 1944 मध्ये निर्माता सेल्झनिककडे 'सिन्स यू वेंट अवे', 1947 मध्ये कॅरी ग्रँटबरोबर, 1948 मध्ये दिग्दर्शक जॉन फोर्डच्या 'फोर्ट अपाचे'त जॉन वेन आणि हेन्री फोंडाबरोबर. पूर्वीसारखी पहिल्या नंबरला नव्हती हे खरंय. 1950 मध्ये तिने पिक्चर सोडले, बाविसाव्या वर्षी, स्वतः.

लग्न मोडलं हे खरं, पहिलं. सतराव्या वर्षी जॉन एगरशी केलं, एक मुलगी झाली, चार वर्षांत दोघं वेगळे झाले. पोस्ट इथेच थांबते. 1950 च्या डिसेंबरमध्ये तिने चार्ल्स ब्लॅकशी लग्न केलं आणि ते 2005 मध्ये त्याच्या मृत्यूपर्यंत टिकलं, जवळपास पंचावन्न वर्षं.

आता राजदूतपदाचा मुद्दा, ज्याचा मला सगळ्यात जास्त राग आला. तिचा भाऊ मल्टिपल स्क्लेरोसिसने आजारी होता म्हणून ती त्या आजाराच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या कामात पडली आणि त्याच कामासाठी 1968 च्या ऑगस्टमध्ये प्रागला गेली होती. चेकोस्लोव्हाकियाचे तेव्हाचे नेते दुबचेक यांना भेटायचं ठरलेलं, आणि रात्रीतून सोव्हिएत रणगाडे शहरात घुसले. तिने हॉटेलातून बघितलं की रस्त्यावरच्या एका निःशस्त्र बाईला सैनिकांनी गोळी घातली. हे दृश्य तिच्या डोळ्यांसमोरून कधी गेलं नाही असं ती सांगायची. परदेशी लोकांबरोबर गाड्यांच्या ताफ्यातून ती कशीबशी बाहेर पडली. त्याच्या आदल्या वर्षी ती अमेरिकन काँग्रेसची, म्हणजे तिथल्या संसदेची निवडणूक लढून हरली होती, म्हणजे नावावर सगळं मिळतं हा हिशोब तिथेच चुकतो. 1969 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अमेरिकन शिष्टमंडळात, 1974 ते 76 घानात राजदूत, मग अमेरिकेची चीफ ऑफ प्रोटोकॉल, म्हणजे परदेशी पाहुण्यांच्या सरकारी स्वागताची प्रमुख, त्या पदावरची पहिली बाई. नाव होतं म्हणून दार उघडलं असेल, मान्य, पण तीन वेगवेगळ्या अध्यक्षांनी तिला कामं दिली ती काय जुने पिक्चर आठवून? आणि 1989 मध्ये चेकोस्लोव्हाकियाला राजदूत म्हणून गेली, म्हणजे परत त्याच प्रागला, एकवीस वर्षांनी, आणि काही महिन्यांतच नोव्हेंबरमध्ये तिथली माणसं चौकात उतरली आणि तिथली कम्युनिस्ट राजवट कोसळली. 1992 पर्यंत ती तिथेच होती.

मधलं एक राहिलं. 1972 मध्ये तिला ब्रेस्ट कॅन्सर निघाला. तेव्हाची पद्धत अशी, की बाईला भूल द्यायची, गाठ काढून तपासायची आणि कॅन्सर निघाला तर तिला न उठवताच पूर्ण स्तन काढून टाकायचा, जाग आल्यावर कळणार. तिने डॉक्टरांना सांगितलं की आधी बायोप्सी, मग मला जागी करा, पुढचं मी ठरवणार. आणि ऑपरेशननंतर हॉस्पिटलच्या बेडवरून तिने हे जाहीर सांगितलं, ज्या काळात बायका या आजाराचं नावही चारचौघांत उच्चारत नव्हत्या. घाबरून घरात बसू नका, तपासून घ्या, असं तिने मासिकात लिहिलं. पन्नास हजारांच्या आसपास पत्रं आली तिला.

विस्मृतीत म्हणाल तर 1998 मध्ये केनेडी सेंटरचा सन्मान, 2006 च्या सुरुवातीला कलाकारांच्या संघटनेचा जीवनगौरव, आणि 10 फेब्रुवारी 2014 ला वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी स्वतःच्या घरी, घरच्यांच्या सोबतीत ती गेली.

ज्यांनी पोस्ट टाकलीय त्यांना एवढीच विनंती, मजकूर काढायचा नसेल तर निदान फोटो तरी बदला. राजदूत असतानाचे तिचे प्रागमधले फोटो सहज मिळतात, साठी ओलांडलेली बाई आहे त्यात, केस आखूड, आणि खळी तीच.